गटारीवरच्या चौकोनी जाळ्या

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणी मला जिवाला जपणारा भाऊ वगैरे म्हणू लागेल आणि ते खोटं ठरेल. वेल्डिंगचा धंदा करणारा माणूस भित्रा असतो हे लोकांना पटत नाही. अंगावर ठिणग्या उडतात, ग्राइंडर हातात किंचाळत असतो, त्याला मी कधी भ्यालो नाही. माझी भीती घरातल्या माणसांची आहे. कुणी ठरल्या वेळेला दारात दिसलं नाही की मी उंबऱ्यातून आत-बाहेर करू लागतो. बायको बाजारात गेली आणि तिने फोन उचलला नाही, तर ती पिशवी घेऊन परत येईपर्यंत मी तिला मनातल्या मनात दोनतीनदा ट्रकखाली घातलेली असते. आणि ती आली की विचारतो काय, तर "कोथिंबीर मिळाली का?" तोंडातून भीतीचा शब्द काढायचा नाही, ही माझी जुनी खोड. आक्काच्या सायकलीची सगळी गोष्ट या खोडीपायी घडली.

आक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. भावजी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होते. ते गेल्यावर ती परत माहेरी खासबागेत आली आणि माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहू लागली. माझ्याकडे राहा म्हणून आम्ही नवराबायकोने किती सांगितलं, तरी ऐकलं नाही. एका दवाखान्यात केसपेपर काढायचं काम तिने मिळवलं. दवाखाना तीनेक किलोमीटर लांब. सकाळची बस कधी लवकर येऊन निघून जायची, कधी यायचीच नाही, आणि डॉक्टरबाई घड्याळाच्या मोठ्या भक्त.

एके दिवशी ती दुकानात आली ती भावजींची सायकल हाताने ढकलत. काळी, उंच, सळईच्या ब्रेकची, मागे बैलाचा भार सोसेल असं कॅरियर. निपाणीहून सामानाच्या टेंपोतून आली होती आणि तेव्हापासून न्हाणीच्या बाजूला पोत्याखाली उभी होती.

"तम्मा, हिचा दांडा काप," आक्का म्हणाली. धाकट्या भावाला आमच्याकडे तम्मा म्हणतात, आणि मी शेहेचाळीस वर्षांचा झालो तरी ती गल्लीत सगळ्यांसमोर तशीच हाक मारते.

"दांडा कापला तर सायकल मोडंल, आक्का."

"मग न मोडंल असं कर. वेल्डिंगचं दुकान कशाला घातलंयस? लुगडं नेसून त्या दांड्यावरनं पाय टाकू व्हय मी?"

लग्नाआधी ती सायकल चालवायची. तेव्हा लोक बघायचे, आता वयामुळे आणखी बघतील, पण लोकांचं तिला कधीच काही वाटलं नाही. मला मात्र तिने सायकल दुकानात लावली त्या क्षणापासून रस्त्यावरचे सगळे टिप्पर, सगळे टेंपो, सगळे कॉलेजचे मोटारसायकलवाले दिसू लागले. "बघतो," एवढंच म्हणालो.

पण काम हातात घेतलं आणि मला चेव आला. हे कबूल केलं पाहिजे. खिडक्यांच्या जाळ्या आणि गेट करून करून कंटाळलेल्या माणसाच्या हातात असं काही आलं की तो थोडा वेडा होतो. वरचा दांडा कापला आणि त्या जागी वाकवलेला पाइप खाली, पायडलच्या अंगाला आणून जोडला. जोडावर आतून बाहेरून पट्टी मारली, वर उभा राहून उड्या मारून बघितल्या. सळईचे ब्रेक काढून वायरचे बसवले. मागचं चाक धरणारा चिमटा थोडा फाकवून त्यात गिअर बसवले. चाकं मात्र मला आवडेनात. ते जाड टायर, ती वजनदार रिम, हे ओढून आक्काचे गुडघे जातील असं वाटलं. भंगारवाल्याकडे एका महागड्या, टेंपोखाली सापडून वाकलेल्या सायकलीची दोन चाकं धड मिळाली. बारीक रिम, अंगठ्याएवढा टायर, हाताने फिरवलं तर बराच वेळ थांबायचं नाव नाही. ती बसवली. सायकलीचं वजन इतकं उतरलं की आक्का एका हाताने ती उचलून उंबऱ्यावर चढवू लागली. गल्लीतले यंत्रमागवाले माग बंद करून बघायला आले. मी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती चालवून दाखवली. आमच्या गल्लीत उघडी गटार आहे, तिच्यावर जाळी नाही. ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं.

आता जाळ्यांचं सांगतो. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आक्काच्या दवाखान्याकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याचं काम निघालं होतं. दोन्ही कडेला सायकलींसाठी हिरवा पट्टा रंगवायचा, विजेचे जुने लोखंडी खांब काढून नवे लावायचे, असं सगळं. कंत्राटदार चिकोडीकडचा, बोलायला गोड, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलणारा. त्याने उपटलेले खांब माझ्या दारात आणून टाकले आणि त्यांचे तुकडे वाकवून सायकली टेकायचे स्टँड करायला सांगितले. ते काम अजून बघितलं तरी मला बरं वाटतं. त्याच जोडीला गटारीच्या तोंडावर बसवायच्या जाळ्याही माझ्याकडे आल्या. पावसाचं पाणी रस्त्याच्या कडेने वाहत येऊन ज्या भोकांतून गटारीत पडतं, त्या भोकांवरच्या. जुन्या जाळ्या ओतीव लोखंडाच्या होत्या, लांबट. त्यातल्या अर्ध्या फुटल्या होत्या.

जुनी जाळी लांबट का असते, हा प्रश्न मला पडला नाही. लांबट असल्यामुळे ती खोबणीत एकाच रीतीने बसते आणि तिच्या पट्ट्या रस्त्याला आडव्याच येतात. चाक वरून खडखड करत निघून जातं. मी हुशारी केली. चौकोनी फर्मा केला, चारी बाजू सारख्या, सगळ्या पट्ट्या एका मापाच्या. कापायला सोपं, जोडायला सोपं. गवंड्यांकडून खोबणीही तशाच चौकोनी करून घेतल्या. आणि कंत्राटदाराला छाती पुढे काढून म्हणालो, "कशीही ठेवा, बसतेच. बसवणाऱ्याला डोकं चालवायला नको."

त्याने माझ्या पाठीवर थाप मारली होती.

आक्का सायकलीवरून दवाखान्यात जाऊ लागली त्याला आठवडा झाला असेल. मी दुपारी दवाखान्यासमोर एका स्टँडचा हललेला पाय बघायला गेलो होतो. आक्काची सायकल तिथेच लावलेली. स्टँडच्या खाचेत बारीक टायर नीट बसतो का बघावं म्हणून मी ती काढली आणि कडेकडेने हाताने ढकलत आणली. पुढचं चाक जाळीवर आलं आणि गपकन आत गेलं. पार रिमच्या वर. हँडल माझ्या हातातून हिसकलं गेलं.

मी तिथे उभाच राहिलो. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने होत्या, आडव्या नव्हत्या. दोन पट्ट्यांमध्ये मी फट ठेवली होती सव्वा इंचाची. भावजींच्या जुन्या सायकलीचा टायर दीड इंचाचा, तो या फटीत कधी गेला नसता. मी बसवलेला टायर इंचभराचा. म्हणजे जाळीही माझ्याच हातची आणि चाकही माझ्याच हातचं. दोन्ही मीच केलं आणि त्यांच्या मधोमध बहिणीला बसवलं. आठवडाभर ती निव्वळ नशिबाने वाचली होती. मी स्टँडला धरून खाली बसलो, तर एक पेशंट बाई आतून पाणी घेऊन आली.

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? आत जाऊन बहिणीला सांगेल. मी आत गेलो सुद्धा. काचेच्या खिडकीमागे आक्का केसपेपर लिहीत होती. मला बघून चष्मा वर केला. "काय रं? तोंड का असं झालंय?"

"ऊन लई हाय," मी म्हणालो.

का नाही सांगितलं, हे मी पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं. एक तर लाज. गल्लीभर मिरवलेली सायकल, मिरवलेल्या जाळ्या. हे कंत्राटदाराला कळलं तर तो आणखी कुणाला सांगणार, महापालिकेच्या ऑफिसातले साहेब येणार, माझं नाव निघणार. पण त्याच्याही खाली एक वेडगळ समजूत होती. अजून आहे. भीती तोंडाने बोलून दाखवली की ती खरी होते, असं मला लहानपणापासून वाटतं. गप्प राहिलं की ती टळते. म्हणून मी गप्प राहिलो आणि एक आकडा तयार केला.

हातभर लांबीची सळई, एका टोकाला हुक, दुसऱ्याला मूठ. त्या आकड्याने जाळी उचलायची, पाव फेरा फिरवायची आणि पुन्हा खोबणीत ठेवायची. चौकोनी असल्यामुळे तशीही बसायचीच. दुपारी रहदारी कमी असते तेव्हा मी स्कूटर घेऊन जायचो आणि पाच-सहा जाळ्या फिरवून यायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, किल्ली पडली. एका म्हाताऱ्याने माझ्यासोबत गुडघ्यावर बसून अर्धा तास किल्ली शोधली, तेव्हा मला स्वतःची इतकी किळस आली की विचारू नका. दहाबारा दिवसांत दोन्ही बाजूंच्या सगळ्या जाळ्यांच्या पट्ट्या आडव्या झाल्या.

जिवात जीव यायला हवा होता. आला नाही. रात्रीतून कुणी एखादी फिरवली असेल तर? एखादी माझ्या नजरेतून सुटली असेल तर? सकाळी आक्का निघाली की मी लांबून स्कूटरवर मागे जायचो. तिचं पुढचं चाक एकेका जाळीवर चढायचं आणि उतरायचं, आणि तेवढा वेळ मी श्वास धरून असायचो. दवाखान्यापर्यंत पोचलो की बनियन घामाने ओलं.

चौथ्या की पाचव्या दिवशी तिने मला पकडलं. सिग्नलला थांबली, मागे वळून सरळ माझ्याकडे बघितलं.

"पोलीस हायस का रं तू?"

"न्हाय, ह्या बाजूला काम हुतं."

"रोज?" ती म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "मला चालवायला येत न्हाय असं वाटतंय व्हय तुला? म्हातारी झाले म्हणून?"

मी स्कूटरचा आरसा पुसू लागलो. तिला ते हो वाटलं. त्या दिवसापासून ती मला दाखवून द्यायचं म्हणून सायकल चालवू लागली. जोरात, आणि शिस्तीने अगदी कडेला धरून, हिरव्या पट्ट्याच्या बाहेरच्या रेघेवरून, जिथे सगळ्या जाळ्या आहेत तिथून. तिची शिस्त बघून माझ्या तोंडचं पाणी पळायचं.

यावर खरा उपाय मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. प्रत्येक जाळीवर दोन आडव्या पट्ट्या जोडून टाकायच्या. मग ती कशीही ठेवा, चाक आत जायचंच नाही. पण त्याला मशीन रस्त्यावर न्यावं लागणार, परवानगी लागणार, आणि परवानगी मागायची तर कारण सांगावं लागणार. दसरा झाला की बघू, असं मी ठरवलं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. आदल्या दिवशी सगळं घासूनपुसून, तेल लावून पाटावर मांडायचं. हातोडे, पाने, ग्राइंडर, वेल्डिंगचा होल्डर, घरातली विळीसुद्धा. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, लिंबू. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती. बायको भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवते. माझे वडील हातमाग दुरुस्त करायचे, ते सांगत, नवमीला पूजेतलं हत्यार उचललं तर ते घरातल्याच माणसाचं रक्त मागतं. हे मी आठव्या-नवव्या वर्षी ऐकलं आणि तेव्हापासून त्या दिवशी साधा पेचकससुद्धा हातात धरलेला नाही. यावर्षी बायकोने तो आकडाही पुसून पाटावर ठेवला होता. कशाचा आहे ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

सकाळी आक्का सायकल घेऊन आली. दवाखान्याला सुट्टी नव्हती. मी हँडलला माळ घातली, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. तिने सायकल पुढे घेतली, लिंबू फुटलं, आरती झाली. ती इतकी खुशीत होती की मला वाटलं, आता सांगावं. अगदी जिभेवर आलं होतं. "सावकाश जा," मी म्हणालो.

"आलास परत शिकवायला," म्हणाली आणि टांग मारून गेली.

ती जाऊन पाच-सात मिनिटं झाली असतील. कोपऱ्यावर चहाची गाडी लावणाऱ्या मावशी प्रसादाला आल्या. मोठ्या रस्त्यावर त्यांची बहीण राहते. त्या म्हणाल्या, "काल दसऱ्याचं म्हणून तिकडची गटार काढली बगा. सगळ्या जाळ्या उचलून घाण काढली आनि परत घातल्या. आता वास न्हाय काय न्हाय."

"सगळ्या?" मी विचारलं.

"सगळ्या की. दवाखान्यापर्यंत."

बसवणाऱ्याला डोकं चालवायला नको, हे मीच म्हणालो होतो. मी फोन लावला. वाजत राहिला. सायकलीवर असताना फोन उचलायचा नाही, हे तिला मीच बजावलं होतं. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा. मग पाटाकडे वळलो आणि आकड्याकडे हात नेला. त्याच्या मुठीवर कुंकवाचं बोट होतं.

"अवो, आज हत्याराला हात लावू नगा," बायको म्हणाली. तिला काहीच माहीत नव्हतं, ती नेहमीचंच बोलली. पण माझा हात तिथेच थांबला. उचललं तर घरातल्या माणसाचं रक्त. न उचललं तर जाळ्या. मी त्या पाटापुढे किती वेळ उभा होतो मला सांगता येत नाही. मला तो फार मोठा वाटतो, बायको म्हणते दोन मिनिटं असेल. शेवटी आकडा तसाच ठेवला आणि स्कूटर काढली.

मोठ्या रस्त्याला लागलो आणि पहिलीच जाळी दिसली, पट्ट्या रस्त्याच्या दिशेने; तिच्यावरून आक्का कशी सुटली देव जाणे. दुसरी आडवी. तिसरी पुन्हा उलटी. खरं तर मी थांबायला नको होतं, सरळ तिच्या मागे सुटायला हवं होतं. पण डोकं चालत नव्हतं. मी स्कूटर लावली आणि तिसरी जाळी बोटांनी उचलू लागलो. ती माझी मलाच उचलेना. नखातून रक्त आलं तेव्हा मला त्या रक्ताचा आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते. वाटलं, झालं, मागितलेलं रक्त दिलं, आता आक्का सुटली.

पुढच्या वळणावर गर्दी होती.

सायकल उभीच होती. पुढचं चाक जाळीत रुतून बसलं होतं आणि मागचं हवेत हळू फिरत होतं. हँडलला माळ तशीच होती. आक्का हँडलवरून पलीकडे पडली होती. हनुवटी फुटली होती, डावा हात अंगाखाली. एक रिक्षा जरा जवळून गेली म्हणून ती आणखी कडेला सरली, एवढंच झालं होतं. तिने मला बघितलं आणि सगळ्यात आधी काय केलं असेल, तर पदर नीट केला.

"माझं ध्यान नव्हतं रं," ती म्हणाली. तोंडात रक्त असल्यामुळे शब्द फुटत नव्हते.

हनुवटीला टाके पडले. डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर निघालं तरी मूठ पूर्वीसारखी घट्ट आवळेल असं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं. तिला आम्ही आमच्या घरी आणलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगायची, "माझंच चुकलं. चोपन्नाव्या वर्षी असले चाळे करू नयेत. तम्माला आधीच समजलं हुतं, मला जमत न्हाय ते. बिचारा रोज मागनं यायचा." आणि मला म्हणाली, "ती सायकल भंगारात घाल."

खरं सांगतो, ते ऐकून मला आधी बरं वाटलं. आता सकाळी श्वास धरायला नको. ती बसने जाईल, उशिरा जाईल, बोलणी खाईल, पण जिवंत राहील. तीन दिवस मी त्या बरं वाटण्यात काढले. बायको तिची वेणी घालायची, भाकरी कुस्करून द्यायची, आणि आक्का, जिने उभ्या आयुष्यात कुणाकडून ग्लासभर पाणी मागितलं नाही, ती खाली मान घालून बसलेली असायची. चौथ्या दिवशी दुपारी बायको धुणं वाळत घालायला गेली होती. आक्का माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला लई तरास दिला मी." तेव्हा मला राहवलं नाही.

मी सगळं सांगितलं. चौकोनी फर्मा, सव्वा इंच, बारीक टायर, दवाखान्यासमोर रुतलेलं चाक, आकडा, किल्ली शोधणारा म्हातारा, चहावाल्या मावशी, सगळं. सांगताना मला वाटत होतं ती मारेल. मारलं असतं तर सोपं गेलं असतं.

तिने प्लास्टरच्या कडेला सुटलेला धागा आत खोचला.

"कवाधरनं म्हाईत हुतं तुला?"

"म्हैना झाला."

"म्हैनाभर माझ्या मागनं येत हुतास."

"व्हय."

"आणि तोंडानं एवढं बोलता आलं न्हाय, की आक्का, जाळीवरनं जाऊ नगंस?" तिचा आवाज चढला नव्हता. त्यामुळेच तो सहन होत नव्हता. "मी बाजूनं गेले असते की रं."

महिनाभर मी आकडा वळवला, जाळ्या फिरवल्या, घाम गाळला, भ्यालो. आणि त्याऐवजी चार शब्द पुरले असते. हातभर बाजूने सायकल नेणं, इतकंच तिला करायचं होतं, आणि ते तिला उत्तम जमलं असतं.

ती रडली नाही. मी रडलो. मग ती म्हणाली, "भ्यायचं असलं तर भी. तुझा सोभावच हाय. पण मला ऐकू येईल असं भी."

दुसऱ्या दिवशी मी कंत्राटदाराला फोन केला आणि त्याच्यासोबत ऑफिसात साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. साहेबांनी माझ्याकडून कागदावर चाकाचं आणि जाळीचं चित्र काढून घेतलं, मला दोनदा विचारलं, मग कन्नडात म्हणाले, "आयतु." म्हणजे ठीक आहे. इतकंच. ज्या क्षणाला मी महिनाभर घाबरलो होतो, तो चहाचा कप गार व्हायच्या आत संपला. मी मशीन टेंपोत घालून रस्त्यावर नेलं आणि पुढच्या काही दिवसांत एकेका जाळीवर दोन-दोन आडव्या पट्ट्या जोडल्या. लोक विचारायचे, कशाला? मी सांगायचो, माझी चूक झालती.

प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. आक्काची डावी मूठ पूर्ण मिटत नाही. ती सायकलीपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ब्रेक एका हातात घाल." या वेळी मी भीती बोलून दाखवली. "आक्का, मला लई भ्या वाटतंय. तू पडलीस तर?" ती म्हणाली, "मला बी वाटतंय," आणि पाने माझ्याकडे सरकवले. मी दोन्ही ब्रेकच्या वायरी उजव्या मुठीत आणून बसवल्या. टायरही जाड घातले.

ती पुन्हा निघाली त्या सकाळी मी स्कूटरवर मागेच होतो, पण लपून नाही. पहिली जाळी आली. तिच्यावर मीच वेल्डिंग केलं होतं, चाक आत जाणं शक्य नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी भर रस्त्यात ओरडलो, "आक्का, जाळी!"

"व्हय!" तिने पुढे बघूनच उत्तर दिलं आणि हातभर बाजूने गेली.

पुढची आली, पुन्हा ओरडलो. कॉलेजची मुलं बघून हसली. एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, काय झालं? मी ओरडत राहिलो, ती व्हय म्हणत राहिली. वळणावर, जिथे ती पडली होती तिथे, मधे एक बस आडवी आली, तेवढ्यात ती दिसेनाशी झाली, आणि तिथल्या जाळीला ओरडायचं राहून गेलं. बस सरकली तेव्हा ती पुढे गेलेली होती, ताठ, सावकाश.

दवाखान्यासमोर तिने सायकल स्टँडला लावली. ती उजव्या हाताने डावं मनगट चोळत माझी वाट बघत थांबली होती.

"वळणावरची एक ऱ्हायली तुझी," ती म्हणाली.